वीस वर्षांचे लाकूड, तेराशे वर्षांची कारागिरी

जपानमध्ये नागोयाहून रेल्वेने दीडेक तासावर इसे हे शहर आहे. शिंतो धर्माचे सर्वांत मानाचे देवस्थान इथे आहे. लहानमोठी 125 मंदिरे मिळून ते बनले असून त्यांतली थोरली दोन. त्यांपैकी आतले मंदिर सूर्यदेवता अमातेरासूचे. जपानचे राजघराणे तिला आपली पूर्वज मानते.

इसुझू नदीवरचा लाकडी पूल ओलांडून आम्ही उंच झाडांमधल्या खडीच्या वाटेने चालत गेलो. मुख्य मंदिर कुंपणाआड आहे आणि दारावर पांढरा पडदा. तिथून पुढे सामान्य माणसाला प्रवेश नाही, फोटोही काढू देत नाहीत. लोक दोनदा वाकत, दोन टाळ्या वाजवत, पुन्हा एकदा वाकत. आम्ही त्या रांगेत न शिरता अदबीने कडेला उभे राहिलो. कोणी हटकले नाही.

इतके जुने देवस्थान, पण लाकूड मात्र नवे! दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर हुबेहूब तसेच मंदिर उभारतात आणि मग जुने उतरवतात. ही रीत इ.स. 690 मध्ये सम्राज्ञी जितोच्या काळात सुरू झाली. 2013 साली 62वी उभारणी झाली, पुढची 2033 मध्ये आहे. हिनोकी नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात, छप्पर गवताचे. वस्त्रे, तलवारी अशा 1,576 वस्तूही नव्याने घडवतात. जुने लाकूड वाया जात नाही. मुख्य मंदिराच्या मोठ्या खांबांतून पुलाच्या दोन्ही टोकांच्या कमानी होतात, बाकीचे देशातल्या इतर मंदिरांना जाते.

पंधराव्या-सोळाव्या शतकांत यादवीमुळे ही परंपरा शंभराहून अधिक वर्षे खंडित झाली. तेव्हा सेइजुन नावाच्या एका बौद्ध भिक्षुणीने गावोगाव वर्गणी गोळा केली आणि 1563 मध्ये बाहेरचे मंदिर पुन्हा उभे राहिले.

वीसच वर्षे का? याचा एक अर्थ असा सांगतात : विशीतला शागीर्द पहिल्या उभारणीत हात चालवायला शिकतो, चाळिशीत स्वतः उस्ताद होतो आणि साठीत नव्यांना शिकवतो. मंदिर दगडाचे असते तर शतकानुशतके टिकले असते, पण ते बांधणारे हात उरले नसते.

त्यांची श्रद्धा वेगळी, आपली वेगळी. तरी ही जपण्याची रीत आम्हांला ओळखीची वाटली. हिफ्जची परंपरा अशीच नाही का? उस्तादाच्या सीन्यातून शागिर्दाच्या सीन्यात, पिढ्यान्‌पिढ्या.

मात्र घरातल्या इतर ठेव्याचे काय? आम्ही उर्दू शिकवतो. आजोबांची पत्रे पेटीत जपून ठेवलेली, पण नातवाला एक ओळ वाचता येत नाही, अशी घरे आम्हांला दरवर्षी भेटतात. कागद शाबूत आहे, वाचणारा राहिला नाही. आजोबा हयात असतील तर पेटी आजच उघडावी आणि नातवाला शेजारी बसवावे.