हुंकारावाचून

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. तो थांबला की गोष्टही थांबते. किशोरवयीनांसाठीच्या मनःस्वास्थ्याच्या ऑनलाइन कार्यक्रमांविषयी वाचताना आम्हाला हा हुंकारच आठवत राहिला.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात ‘स्पार्क्स’ नावाचा संगणकीय खेळ सिद्ध झाला. खिन्न मुलांनी एका कल्पित प्रदेशात शिरावे, उदास विचारांची चिलटे टिपावीत, सात टप्पे पार करावेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८७ मुलेमुली होती. खेळ मिळालेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांनी सातही टप्पे पुरे केले. पुढे तो सर्वांना खुला झाला, तेव्हा मात्र बहुतेक जण पहिल्या एकदोन टप्प्यांतच गळाले. ऑस्ट्रेलियातील ‘मूडजिम’चा अनुभवही असाच: शाळेत, तासाला बसून मुलांनी बरेच अधिक स्वाध्याय सोडवले; आपापले आलेल्यांनी थोडे.

मजकूर तोच होता. चाचणीतले मूल मात्र समुपदेशकाच्या वा दवाखान्याच्या नजरेत होते. चित्रे अधिक रंगीत केली, गुण आणि बिल्ले वाटले की मुले टिकतील, हे आम्हाला पटत नाही. (गुणांनी टिकणारे विद्यार्थी आम्ही रोजच पाहतो!)

आमच्या अकरावीच्या वर्गातील एका मुलीने असाच एक कार्यक्रम तिसऱ्या दिवशी सोडला. कारण विचारले, तर म्हणाली, “मॅडम, आपण लिहितो ते तिथे कोणी वाचतच नाही.”

हल्ली ती गुरुवारी तास संपल्यावर विभागात येऊन बसते. तिचा पाठ मोबाइलवरच चालतो. आम्ही शेजारी वह्या तपासत असतो. काय लिहिले ते ती दाखवत नाही, आम्हीही विचारत नाही. चौथा पाठ झाला.