विटांच्या मैदानापासून जोहान्सबर्गपर्यंत: एका स्ट्रायकरचं ब्रातिस्लाव्हा

स्लोव्हाकिया की स्लोव्हेनिया? नकाशा समोर नसेल तर तुमचाही क्षणभर गोंधळ होईल. लाजू नका, हा गोंधळ जगभर होतो. त्यात २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये हे दोन्ही देश एकाच वेळी खेळत होते, म्हणजे बघायलाच नको!

पण त्याच स्पर्धेत स्लोव्हाकियाच्या एका माणसाने असा खेळ केला, की निदान फुटबॉल बघणारे तरी हा देश विसरले नाहीत. त्याचं नाव रॉबर्ट व्हिटेक. आज आपण त्याच्या गावाला, ब्रातिस्लाव्हाला जाऊया आणि तिथून त्याच्या प्रवासाच्या मागे मागे फिरूया.

दोन देशांच्या कुशीतली राजधानी

ब्रातिस्लाव्हा ही स्लोव्हाकियाची राजधानी. दोन परक्या देशांच्या सीमांना थेट भिडलेली ही जगातली एकमेव राजधानी आहे. एका बाजूला ऑस्ट्रिया, दुसऱ्या बाजूला हंगेरी. व्हिएन्ना इथून जेमतेम ६० किलोमीटर. तुम्ही व्हिएन्नाला उतरलात तर ट्रेनने साधारण तासाभरात इथे पोहोचता. उन्हाळ्यात गेलात तर डॅन्यूब नदीतून बोटीने या, मुलं खूश होतील.

नदीकाठच्या टेकडीवर चार कोपऱ्यांत चार बुरूज असलेला पांढरा किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याशी सेंट मार्टिनचं चर्च आहे. १५६३ ते १८३० या काळात हंगेरीच्या राजा-राण्यांचे राज्याभिषेक इथे झाले. म्हणजे हे शहर शतकानुशतकं दुसऱ्यांच्या राज्यात होतं. स्लोव्हाकिया हा स्वतंत्र देश म्हणून उभा राहिला तो १ जानेवारी १९९३ रोजी, चेकोस्लोव्हाकियाचे शांतपणे दोन भाग झाले तेव्हा.

व्हिटेकचा जन्म याच शहरातला, १ एप्रिल १९८२ चा. देश स्वतंत्र झाला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. म्हणजे देश आणि हा मुलगा जवळजवळ बरोबरीनेच मोठे झाले.

विटांचं मैदान

जुन्या शहरातून ट्रॅमने थोडं पुढे गेलं की 'तेहेल्ने पोले' हा भाग लागतो. नावाचा अर्थ विटांचं मैदान. याच नावाचं स्टेडियम म्हणजे स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा या क्लबचं घर. क्लबची जर्सी आकाशी निळी, म्हणून तिथली माणसं खेळाडूंना प्रेमाने 'बेलासी', म्हणजे निळेवाले म्हणतात.

क्लब १९१९ चा आहे आणि त्याचा सगळ्यात मोठा दिवस होता २१ मे १९६९. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात स्लोव्हानने चक्क बार्सिलोनाला ३-२ असं हरवून युरोपियन कप विनर्स कप जिंकला. ही गोष्ट तिथल्या घरांमध्ये आजोबा नातवाला सांगतात, जशी आपल्याकडे १९८३ च्या लॉर्ड्सची सांगितली जाते. व्हिटेक याच क्लबमध्ये तयार झाला आणि इथेच त्याने पहिल्यांदा मोठ्या संघातून गोल मारायला सुरुवात केली.

गंमत म्हणजे तेहेल्ने पोलेच्या शेजारीच आइस हॉकीचं मोठं स्टेडियम आहे. स्लोव्हाक माणसाचा जीव हॉकीत जास्त. २००२ मध्ये हा देश आइस हॉकीचा विश्वविजेता झाला होता. फुटबॉलवाल्यांना कायम या मोठ्या भावाच्या सावलीत राहावं लागायचं.

घर सोडल्याशिवाय मोठं होता येत नाही

लहान देशाच्या खेळाडूसमोर एक प्रश्न नेहमी असतो. घरच्या लीगमध्ये कितीही गोल मारले तरी जग बघत नाही. मोठं व्हायचं तर बॅग भरावीच लागते. नोकरीसाठी गाव सोडलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

व्हिटेक २००३ मध्ये जर्मनीतल्या न्युरेम्बर्गला गेला. ख्रिसमस बाजारासाठी आणि जुन्या तटबंदीसाठी प्रसिद्ध असलेलं हे शहर. तिथला क्लब तेव्हा नुकताच दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. पण व्हिटेक एकटा नव्हता, मारेक मिंटाल हा दुसरा स्लोव्हाक खेळाडूही त्याच वर्षी तिथे आला. एका वर्षात क्लब पुन्हा बुंडेसलीगामध्ये पोहोचला. २००४-०५ च्या हंगामात मिंटालने २४ गोल मारले आणि तो लीगमध्ये अव्वल ठरला. पुढच्या हंगामात मिंटाल दुखापतीने बाहेर होता, तेव्हा भार उचलला तो व्हिटेकने. त्याने १६ गोल मारले. परक्या गावात एका गावकऱ्याने दुसऱ्याची जागा सांभाळावी, तसंच हे.

२००७ मध्ये न्युरेम्बर्गने जर्मन कप जिंकला, फायनलचा स्कोअर पुन्हा ३-२. १९६८ नंतर क्लबला मिळालेलं हे पहिलं मोठं यश. पण पुढच्याच वर्षी क्लब परत खाली घसरला आणि व्हिटेक फ्रान्समधल्या लीलला गेला. तिथून तो तुर्कस्तानातल्या अंकाराला, नंतर काळ्या समुद्राच्या काठावरच्या ट्रॅबझोनला आणि हंगेरीतल्या देब्रेत्सेनलाही खेळला. नवी भाषा, नवं जेवण, नवं भाड्याचं घर. टीव्हीवर दिसणाऱ्या झगमगाटामागे बहुतेक खेळाडूंचं आयुष्य असंच असतं.

ती संध्याकाळ

आता दक्षिण आफ्रिकेला चला. स्लोव्हाकिया स्वतंत्र देश म्हणून पहिल्यांदाच वर्ल्ड कप खेळत होता. तिथवर पोहोचण्याची गोष्टही मजेदार आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये पोलंडमध्ये भर बर्फात त्यांनी १-० असा सामना जिंकला आणि तो एकमेव गोल पोलंडच्याच खेळाडूकडून स्वतःच्या जाळ्यात गेला होता!

वर्ल्ड कपमधला पहिला सामना रस्टेनबर्गमध्ये, न्यूझीलंडशी. व्हिटेकने गोल केला. स्लोव्हाकियाचा वर्ल्ड कपमधला हा पहिलाच गोल. पण अगदी शेवटच्या क्षणी न्यूझीलंडने बरोबरी साधली. दुसऱ्या सामन्यात पॅराग्वेने २-० असं हरवलं. आता पुढे जायचं तर तिसरा सामना जिंकावाच लागणार होता आणि समोर होता गतविजेता इटली.

२४ जून २०१०, जोहान्सबर्गचं एलिस पार्क. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. २५ व्या मिनिटाला इटलीची एक चुकीची पास स्लोव्हाकियाला मिळाली आणि व्हिटेकने खालून फटका मारून गोल केला. ७३ व्या मिनिटाला कर्णधार मारेक हामशिकचा क्रॉस आला. व्हिटेक बचावपटूच्या पुढे सरकला आणि चेंडूला फक्त दिशा दिली. २-०!

मग इटली जागा झाला. ८१ व्या मिनिटाला दी नातालेने गोल केला. ८९ व्या मिनिटाला नुकताच मैदानात आलेल्या कोपूनेकने ३-१ केलं. जादा वेळेत क्वालियारेल्लाने लांबून सुरेख गोल मारला. ३-२. शिट्टी वाजली आणि जगज्जेता इटली गटात शेवटच्या क्रमांकावर राहून घरी गेला.

बाझलचा ३-२ आठवतो ना? ४१ वर्षांनी ब्रातिस्लाव्हाच्या पोराने नव्या देशाला नवा ३-२ दिला.

पुढच्या फेरीत नेदरलँड्सने त्यांना २-१ असं हरवलं. तो एक गोलही व्हिटेकचाच, शेवटच्या क्षणी पेनल्टीवर. स्पर्धेत स्लोव्हाकियाचे एकूण पाच गोल झाले, त्यातले चार त्याचे. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल मारणाऱ्यांच्या नावावर पाच होते. म्हणजे तो फक्त एकाने मागे राहिला.

त्यानंतर २०१४, २०१८ आणि २०२२ या तिन्ही वर्ल्ड कपमध्ये स्लोव्हाकिया नव्हता. म्हणून ती संध्याकाळ तिथे अजून जपून ठेवलेली आहे.

परत आला, पण घर कुठे होतं?

कारकिर्दीच्या शेवटी व्हिटेक स्लोव्हानला परतला. पण ज्या तेहेल्ने पोलेवर तो मोठा झाला, ते स्टेडियम २०१३ मध्ये पाडून टाकलं होतं. क्लब शेजारच्या 'पासिएन्की' मैदानावर खेळत होता. गावी परत यावं आणि आपलं जुनं घर पाडून तिथे बांधकाम सुरू असावं, अगदी तशी गत.

नवं स्टेडियम मार्च २०१९ मध्ये सुरू झालं. सुमारे २२,५०० प्रेक्षक बसतील एवढं. जुन्या स्टेडियममध्ये एके काळी याच्या दुपटीने माणसं मावायची. पण नाव तेच ठेवलं, जागाही तीच. विटा बदलल्या, मैदान तिथेच आहे.

तुम्ही गेलात तर

• स्लोव्हाकियासाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि चलन युरो आहे. व्हिएन्नाच्या सहलीला जोडून एक-दोन दिवस सहज काढता येतात.

• जुन्या शहरात गटाराच्या झाकणातून डोकं बाहेर काढून बघणारा 'चुमिल' नावाचा पुतळा शोधा. मुलांना फोटोसाठी याहून चांगली जागा नाही.

• 'ब्रिंझोवे हालुश्की' नक्की खा. बटाट्याच्या छोट्या गोळ्यांवर मेंढीच्या दुधाचं मऊ चीज असतं. वर डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, म्हणून शाकाहारी असाल तर ऑर्डर देतानाच ते नको म्हणून सांगा. सोबत 'कोफोला' हे तिथलं कोला प्या.

• स्लोव्हानचा सामना असेल तर तिकीट काढून निळ्या गर्दीत बसा. शेजारच्या काकांना फक्त 'व्हिटेक' म्हणा आणि मग '२०१०' म्हणा. पुढचं संभाषण ते स्वतःच सुरू करतील.

आणि परत आल्यावर कुणी विचारलं, 'स्लोव्हाकिया की स्लोव्हेनिया?' तर सांगा, ज्यांनी इटलीला घरी पाठवलं, तो स्लोव्हाकिया!