कुलूप कुठे लावायचं?

तुमच्याही घरी असा एखादा जुना कॉम्प्युटर असेल ना, जो सुरू करून आपण चहा करून आलो तरी त्याचं आपलं चाललेलंच असतं? आमच्याकडे आहे. त्याच्या 2 टीबीच्या हार्ड डिस्कवर बाबांचे पेन्शनचे कागद, घराचं खरेदीखत आणि आईच्या आवाजातल्या ओव्या आहेत. आमच्या शेजारी चोरी झाली, लॅपटॉप गेला. वस्तू गेल्याचं दुःख ओसरलं, पण आपले कागद कुणाच्या हाती पडले असतील ही धास्ती त्यांच्या मनातून गेली नाही. म्हणून आमच्या लिनक्सची डिस्क मी एन्क्रिप्ट करूनच ठेवली आहे. पासवर्ड नसेल तर कुणाला काही वाचता येत नाही.

प्रश्न होता वेगाचा. हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर हवी ती जागा गाठायला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. एसएसडीला 1 मिलिसेकंदही लागत नाही. सगळं एसएसडीवर हलवता आलं तर उत्तमच. पण खिशाला छोटीच परवडत असेल, तर ती कॅशे म्हणून जोडता येते. कॅशे म्हणजे माळ्यावरच्या सामानातलं रोज लागणारं तेवढं ओट्यावर काढून ठेवणं. लिनक्समध्ये ही सोय 2013 पासून आहे. बीकॅशे किंवा एलव्हीएम वापरून ती करता येते.

खरी मेख मात्र क्रमात आहे. डिस्कचं कुलूप उघडल्यानंतरच्या माहितीवर कॅशे बसवली, तर एसएसडीवर सगळं उघडं जाऊन पडतं. माळ्यावरच्या ट्रंकेला कुलूप आणि आतले कागद ओट्यावर! म्हणून आधी हार्ड डिस्क आणि एसएसडी यांची जोडी करायची आणि त्या जोडीवर एन्क्रिप्शन चढवायचं. मग एसएसडीवर जाईल ते कुलूपबंदच जाईल.

दुसरी निवड लिहिण्याच्या पद्धतीची. 'राइटबॅक'मध्ये नवी माहिती आधी एसएसडीवर जाते, हार्ड डिस्कवर सवडीने. मध्येच एसएसडी बिघडली तर ती माहिती गेलीच. 'राइटथ्रू'मध्ये दोन्हीकडे लिहून झाल्यावरच काम पूर्ण झालं असं धरतात. लिहिण्याचा वेग वाढत नाही, पण रोजचे प्रोग्राम पटापट उघडतात. मी राइटथ्रू निवडलं. आईच्या ओव्या पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाहीत.

आणि हे करायचं ठरवलंत, तर आधी वेगळ्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा. ही मांडणी करताना डिस्क सहसा नव्याने फॉरमॅट करावी लागते.

एसएसडी कधीतरी बंद पडेलच. बंद पडलेल्या एसएसडीवरून माहिती पुसता येत नाही. पण आतलं सगळं कुलूपबंद असेल, तर ती भंगारात देताना तुमचा हात अडखळणार नाही.