विस्कटलेली पानं

दिवाळी अंकाचा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून आज मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत ओतला, आणि पानं विस्कटली. चौकटीतल्या ओळी चौकटीबाहेर गेल्या. अक्षराआधी दिसायला हवी ती पहिली वेलांटी नंतर उमटली. जोडाक्षरं सुटून अक्षरांचे पाय मोडलेले दिसू लागले. वाईट वाटलं, कारण हा मजकूर कुणीतरी डोळ्यांत तेल घालून तपासला होता.

कारण समजण्यासारखं आहे. पेजमेकर हे पानं मांडण्याचं सॉफ्टवेअर १९८५ साली आलं. त्या पिढीच्या सॉफ्टवेअरसाठी घडवलेल्या मराठी फॉन्टांनी काना, मात्रा, अर्धी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवली. डोळ्यांना मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हांचीच रांग. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो. वेलांटी कुठे बसेल, रफार कुठे चढेल, हे मांडणीच्या यंत्रणेनं ठरवायचं. म्हणून सॉफ्टवेअरमधला भारतीय लिप्या जाणणारा कंपोझर, म्हणजे अक्षरं-ओळी जुळवणारी यंत्रणा, निवडल्यावर अक्षरं जुळली. फॉन्टची रुंदी बदलल्यामुळे सरकलेल्या ओळी मात्र हातानंच बसवाव्या लागल्या.

रूपांतरात रफार हमखास चुकतो, म्हणून मुद्रितशोधन पुन्हा हवंच. कितीतरी मराठी अंक अजून जुन्या फॉन्टांत अडकलेले आहेत. फॉन्ट हरवला की मजकूरही वाचता येत नाही. छपाईला गेलेल्या प्रत्येक अंकाची शुद्ध युनिकोड प्रत जपणं हे मला आता संपादनाचंच काम वाटतं.