कानाचं निमित्त

समुद्राकाठच्या मुलीला पाण्याची भीती वाटते असं सांगितलं, तर तुम्ही हसाल. पण माझं तसंच आहे. माहेर गुहागरच्या बाजूचं. मागच्या पडवीत बसलं की समुद्राची गाज ऐकू यायची. आणि तरी लग्न होऊन सांगलीला येईपर्यंत मी घोट्याच्या वर समुद्राचं पाणी कधी अंगावर घेतलं नाही.

त्याला कारण घडलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गणपतीला सगळी मुंबईकर मंडळी घरी आली होती. माझा मोठा चुलतभाऊ, नुकताच कॉलेजात गेलेला, ओहोटीच्या वेळी पोहायला उतरला आणि ओढीत सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या खडपावर... जाऊ द्या, पुढचं लिहीत नाही. त्या वर्षापासून आजी नारळी पौर्णिमेला समुद्रावर गेली नाही. आणि आम्हा मुलींना सुरूच्या बनापलीकडे पाऊल टाकायची बंदी झाली. मुलांना मात्र दोन वर्षांनी कुणी अडवेनासं झालं, हेही सांगून ठेवते.

ही भीती मी सासरी बरोबर आणली. तिचा कुणाला त्रास नव्हता, कारण सांगलीत समुद्र कुठला! पण माझी लेक तिसरीत गेली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहण्याच्या वर्गाला नाव घाल म्हणून मागे लागली. हे म्हणाले, "घाल की, चांगलंच आहे." मला सरळ 'नको' म्हणायचं धैर्य होईना. मी तिला एकटीला गाठून सांगितलं, "अगं, डॉक्टरांनी सांगितलंय, तुझे कान नाजूक आहेत. कानात पाणी जाता कामा नये." बाळपणी तिचा एक कान एकदा वाहिला होता, तेवढाच त्या खोट्याला आधार. पोरीनं खरं मानलं. तेव्हापासून न्हाताना ती आपणहून कानात कापसाचे बोळे घालून बसायची. तीन वर्षं. मी पाहायची आणि गप्प राहायची.

तर आता मूळ गोष्टीकडे येते.

२०२४ च्या मे महिन्यात ह्यांचं कंपनीचं काम म्युनिकला निघालं, आणि सुट्टी होती म्हणून आम्ही मायलेकीही गेलो. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते. नकाशावर बोट ठेवून मुलांना जे सांगितलं ते एकदा डोळ्यांनी बघावं अशी फार दिवसांची इच्छा. क्रोएशिया २०२३ च्या जानेवारीत शेंगेन देशांत आला, त्यामुळे जर्मनीच्या व्हिसावर तिथंही जाता येत होतं. असे आम्ही चार दिवसांसाठी दुब्रोव्हनिकला पोचलो. भूमध्य समुद्राचा एक लांबट हात इटली आणि क्रोएशियाच्या मध्ये शिरला आहे, तो एड्रियाटिक. त्याच्या काठावरचं हे जुनं तटबंदीचं शहर. तट जवळजवळ दोन किलोमीटर लांबीचा आणि काही ठिकाणी पंचवीस मीटर उंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "आज कयाकमध्ये बसायचं. पैसे भरून आलोय." मला विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही. अशी कामं आपले यजमान कशी बिनबोभाट करतात!

कयाक म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची सीलच्या कातड्याची शिकारी होडी. आमच्या वाट्याला आली ती प्लास्टिकची, केशरी रंगाची, दोन माणसांची. वरून उघडी, आणि तळाला चक्क भोकं! आत आलेलं पाणी त्यातून निघून जातं म्हणे. होडी पोकळ आणि चहूकडून बंद असल्यामुळे बुडत नाही. ऐकायला ठीक आहे. पण भोकं असलेल्या भांड्यात बसून समुद्रावर जायचं हे बाईच्या मनाला पटायला वेळ लागतो. अंगात मी ह्यांचा लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग घातलं होतं. मंगळसूत्र काढवेना, म्हणून ते आतून सेफ्टी पिनेनं टाचून टाकलं.

बारा-चौदा जण होतो. नेणारा वाटाड्या म्हणजे विशी-बाविशीचा उन्हानं तांबूस झालेला मुलगा. त्यानं लाइफ जॅकेटं घट्ट आवळली आणि एकेकाला विचारलं, "पोहता येतं का? काही दुखणं?" पोहता न येणाऱ्यांनी त्याच्या जवळपास राहायचं, एवढीच अट होती. माझी लेक इंग्रजीत स्पष्ट म्हणाली, "मला येत नाही. माझ्या कानांना आजार आहे, पाणी चालत नाही."

तो थांबला. म्हणाला, "मग हिला नेता येणार नाही. कयाक कधीही उलटते."

लेकीचा चेहरा असा पडला! पण रडली नाही. "मी इथं बसते, तुम्ही जाऊन या," म्हणाली. हे माझ्याकडे बघायला लागले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मैत्रिणींनो, तिथंही मला गप्प बसता आलं असतं. मलाही जायचं नव्हतंच. पोरीबरोबर काठावर बसले असते तर मायाळू आई ठरले असते! पण ती शहाण्यासारखी दगडावर बसून कापूस शोधायला पिशवी उघडू लागली, आणि मला ते बघवेना.

"हिचे कान चांगले आहेत," मी म्हणाले. आधी मराठीत, मग इंग्रजीत. "मी खोटं सांगितलं होतं."

वाटाड्यानं खांदे उडवले. त्याला काय, तो कामाला लागला. हे काही बोलले नाहीत. लेक मात्र एवढंच म्हणाली, "म्हणजे बोळे उगाचच?" आणि बाबांच्या कयाकमध्ये जाऊन बसली.

मी राहिले एकटी. माझ्याबरोबर एकट्याच आलेल्या एक आयरिश बाई दिल्या, सत्तरीच्या घरातल्या, काटकुळ्या. नियम असा की जड माणसानं मागे बसायचं. आता यावर काय बोलणार! आणि मागच्यानं होडी वळवायची. पुढचा ताल धरतो, मागचा दिशा. उजवीकडे वल्हं मारलं की होडी डावीकडे जाते. वल्हं दंडाच्या जोरावर ओढायचं नाही, कमरेतून वळून मारायचं. नाहीतर अर्ध्या तासात हात गळतात. नवरा-बायकोची या दोन माणसांच्या होडीत इतकी भांडणं होतात, की तिला गमतीनं 'घटस्फोटाची होडी' म्हणतात असं वाटाड्या सांगत होता. आमचं भांडण होडीत बसण्यापूर्वीच तयार होतं, फक्त ह्यांनी ते मनात ठेवलं होतं.

लोव्ह्रियेनाच नावाच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पिले म्हणून छोटीशी खाडी आहे, तिथून निघालो. पहिली दहा मिनिटं मी डोळे त्या बाईंच्या पाठीवरून हलवले नाहीत. मग खाली पाहिलं, आणि तळ दिसला! चार-पाच पुरुष खोलीवरचे दगड मोजता यावेत असं पाणी. आपल्या कोकणात असं का दिसत नाही? आपल्याकडे नद्या गाळ आणतात आणि भरती-ओहोटी तो रोज दोनदा घुसळते. मुंबईला पावसाळ्यात भरतीचे साडेचार मीटरच्या वरचे आकडे पेपरात येतात. इथं भरती-ओहोटीचा फरक जेमतेम दीड वीत. भूमध्य समुद्र महासागराला जोडलेला आहे तो फक्त जिब्राल्टरच्या चौदा-एक किलोमीटर रुंद सामुद्रधुनीनं. एवढ्या दारातून भरती काय आत येणार! शाळेत हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण इथं पाण्याला ओहोटीची तशी ओढच नाही, हे त्या क्षणी पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं. माझी पकड थोडी सैल झाली.

समोर लोक्रुम नावाचं झाडांनी भरलेलं बेट आहे. ते १८५९ मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियन राजपुत्रानं विकत घेतलं, बागा केल्या, आणि मोर आणून सोडले. हाच पुढे मेक्सिकोचा बादशहा झाला आणि १८६७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. मोर मात्र राहिले. बेटाला वळसा घालताना झाडीतून केका ऐकू आली. परक्या समुद्रावर आपल्या पाखराचा आवाज ऐकून मला उगाचच भरून आलं. बेटाच्या एका टोकाला वस्त्रावाचून ऊन खाणाऱ्यांची जागा आहे. तिथून जाताना ह्यांनी लेकीला उलट्या बाजूला, जिथं काहीही नव्हतं तिथं, मोर दाखवायला सुरुवात केली. दुब्रोव्हनिकमध्ये मी हसले ते तेवढंच.

बेटाच्या बाहेरच्या अंगाला उघडा समुद्र. लाटा फुटत नव्हत्या, पण सबंध पाणीच श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत होतं. खडक चुनखडीचा. आपला कोकणचा जांभा किंवा काळा पत्थर वेगळा. चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळते, आत पोकळ्या होतात, मग लाटा त्यांना तोंडं पाडतात. अशा एका कपारीत एकेक कयाक न्यायची होती. माझी पाळी आली. वल्हं उजवीकडे मारायचं ते डावीकडे मारलं आणि आम्ही आडवे होऊन खर्रकन खडकाला घासलो. माझ्या तोंडून "आई गं!" निघालं. वाटाडा ओरडला, "मागे, मागे!" पुढच्या बाई न वळता शांतपणे म्हणाल्या, "मी मुलाला सांगून आलेले नाही हं. त्याला वाटतंय मी संग्रहालय बघतेय. तेव्हा आपण बुडायला नको." मग दोघींनी उलटी वल्ही मारली, नाक पुन्हा तोंडाशी आणलं, आणि पुढच्या उचंबळ्याबरोबर आत गेलो.

आत अंधार असेल असं वाटलं होतं. पण उजेड खालून येत होता. बाहेरचं ऊन पाण्यातून गाळून आत शिरलं की तांबडा रंग पाण्यात विरतो आणि निळाच उरतो. छतावर तो निळा हलत होता. पाणी भिंतीला लागून घुमत होतं, आमच्या जुन्या घरी बंद खोलीत गाज यायची अगदी तसं. मला चुलतभावाची आठवण झाली. तो खडपावर कसा सापडला तेच आजवर डोळ्यांपुढे यायचं. इथं मात्र तो लाल शर्ट घालून सायकलवर मला पुढे बसवून नेणारा आठवला. मिनिटभरच. मग बाहेर आलो.

नंतर मुख्य किनाऱ्याकडे वळून बेटिना गुहेशी थांबलो. ही मोठी, तोंड रुंद, आणि आत छोटीशी गोट्यांची चौपाटी. समुद्रावरूनच जाता येतं. मारिन गेताल्दिच नावाच्या गणितज्ञाच्या टोपणनावावरून तिला हे नाव पडलं. १५६८ ते १६२६ हा त्याचा काळ. गॅलिलिओशी त्याचा पत्रव्यवहार होता. इथं तो मोठ्या अंतर्गोल आरशांनी सूर्यकिरण एकवटायचे प्रयोग करी आणि समुद्रावरच्या होड्या पेटवी, म्हणून गावकरी त्याला चेटक्या समजत, अशी कथा सांगतात. अनवाणी मात्र जाऊ नका. रबरी सँडल हवेत, गोटे फार टोचतात.

सगळ्यांना सँडविच मिळालं. चीज-काकडीचं आमच्यासाठी वेगळं सांगितलं होतं. लेक ते न खाता जॅकेटसकट पाण्यात शिरली. माझे पाय आपोआप उठले, पण ह्यांनी हात धरून बसवलं. पाणी थंड, पण खारट इतकं की माणूस अलगद तरंगतो. ती उताणी पडली, कान पाण्याखाली, डोळे मिटलेले. बराच वेळ तशीच. मग माझ्याकडे बघून दोन तासांत पहिल्यांदा बोलली.

"आई, कानात पाणी गेलं की आतून कसं वाजतं माहितीय?"

"नाही गं."

"मग ये."

गेले मी. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. थंडीनं दातखीळ बसायची वेळ आली. लेकीनं मानेखाली हात दिला, मी लहानपणी तिला न्हाऊ घालताना द्यायची तसा, आणि म्हणाली, "डोकं सोड आता." मी सोडलं. कानांत गार पाणी भरलं. आणि ऐकू आलं: लाटेबरोबर तळाचे गोटे एकमेकांवर घसरत होते, डब्यातल्या वाटाण्यांसारखे बारीक खळखळत.

परतताना दुपारचा मायेस्त्राल वारा समोरून सुटला. नेमका माझ्या तळहातांना फोड आले तेव्हाच. आयरिश बाई थकल्या होत्या, त्यांनी वल्हं मांडीवर ठेवलं, आणि तटाखालचा शेवटचा पट्टा मी एकटीनं ओढला. हातमोजे न्या, हा माझा सल्ला.

त्या रात्री हे म्हणाले, "मला तरी सांगायचंस." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

जूनमध्ये घरी आल्यावर लेकीचं नाव पोहण्याच्या वर्गाला घातलं. फॉर्ममध्ये रकाना होता, पाल्यास काही आजार आहे का. मी 'नाही' लिहिलं. तिनं माझ्या हातून फॉर्म घेऊन ते एकदा वाचून पाहिलं, मग परत दिला. बायकांची वेगळी बॅच असते, दुपारी तीन ते चार. माझी सातवी 'ब' ची तासिका नेमकी तीन वाजताच आहे. मुख्याध्यापिकाबाईंना विचारून ठेवलंय.