फरशीवरून पाणी

घरची लावणी उरकली, की आपल्याकडची माणसे टोळ्या करून घोटी-इगतपुरीकडे आवणीला जातात. तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. मीही घरच्यांबरोबर जातो. पण २०२४ सालच्या जुलैतली आवणी मी कधी विसरणार नाही. तेव्हा मी सहावीत होतो.

आम्ही तीन घरची चौदा माणसे होतो. आजी, थोरले काका-काकू, आई-बाबा, धाकटे काका-काकू, आत्या आणि आम्ही सहा पोरे. भाड्याच्या टेम्पोत नागलीचे पीठ, तांदूळ, हंडा, तवा, घोंगड्या, कोंबडीची पाटी असे सगळे भरले. वर ताडपत्री बांधली. त्र्यंबकेश्वर सोडले तेव्हा ब्रह्मगिरी ढगात बुडालेला होता. पुढे पहिन्याच्या बाजूला पाऊस असा काही कोसळू लागला, की बोललेले ऐकू येईना.

घोटीच्या अलीकडे टेम्पो आडरस्त्याला लागला. तिथे जंगलात एक ओढा आहे. त्याच्या फरशीवरून गढूळ पाणी धो धो वाहत होते. मागे फिरावे तर तेवढ्यात मागच्या वळणावर एक मोठे झाड रस्त्यावर आडवे झाले. गाडी ना पुढे जाईना, ना मागे.

ड्रायव्हरदादा खाली उतरून बघून आले. म्हणाले, "मावशी, गुडघाभर तर पाणी हाय. निघंल गाडी."

थोरले काकाही म्हणाले, "आई, शेतकऱ्याची उचल घेतलीय. त्याचं रोप पंचवीस दिवसांचं झालंय. उद्या नाही पोचलो, तर तो दुसरी टोळी लावील."

आजी म्हणाली, "लावू दे. उचल फेडता येती. माणूस कुठून फेडशील?"

काका चिडले. धाकट्या काकांच्या सोनीला दुपारपासून ताप होता. तिला दवाखान्यात न्यायचे म्हणून तेही पुढे जायला तयार झाले. तेव्हा आजी टेम्पोतून उतरली आणि भर पावसात गाडीच्या पुढे उभी राहिली. म्हणाली, "माझा भाऊ असाच बैलगाडी घालून गेला. बैल सापडले, तो नाही सापडला." ही गोष्ट आम्हांला कोणालाच माहीत नव्हती. मग कोणी काही बोलले नाही. ड्रायव्हरदादांनी गाडी मागे घेऊन उंचावर लावली.

आजीने मला एक काम दिले. पाण्याच्या कडेला एक धोंडा ठेवायचा आणि तो बुडतो की उघडा राहतो ते लांबूनच बघायचे. मी खोळ घेऊन सारखा जात होतो. अंधार पडेपर्यंत माझे तीन धोंडे बुडाले.

ती रात्र आम्ही चौदाजण टेम्पोतच एकमेकांना टेकून बसलो. ताडपत्री एका कोपऱ्यात गळत होती, तिथे हंडा लावला. तेच पाणी प्यायला झाले. लाकडे ओली होती. बाबांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा पेटवून चूल धरवली. सोनीला पेज पाजली. ती रात्रभर कण्हत होती आणि काकू तिच्या कपाळावर ओले फडके ठेवत होती.

उजाडल्यावर धाकटे काका सोनीला पाठीशी बांधून, आडव्या झाडावरून चढून मागच्या गावी पायी गेले. आरोग्य उपकेंद्रात औषध मिळाले. दुपारपर्यंत ताप उतरला.

तो दिवस आम्ही जंगलातच काढला. आत्याने टाकळ्याची भाजी खुडून आणली. मोठ्या पोरांनी खेकडे धरले. सगळीकडे हिरवेगार होते, झाडांच्या खोडांवर शेवाळ चढले होते. पण हेच जंगल उन्हाळ्यात पाने गाळते, म्हणून ते पानझडी. बारमाही हिरवे जंगल खाली आंबोलीकडे आहे, असे गुरुजींनी सांगितले आहे. त्र्यंबकच्या डोंगरावरचे एका अंगाचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते आणि दुसऱ्या अंगाचे वैतरणेतून अरबी समुद्राला, हेही मला तिथे आठवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा धोंडा उघडा पडला. आम्ही सगळे बघायला गेलो. फरशीची पलीकडची बाजू वाहून गेली होती. वरून पाणी वाहत असताना ते कोणालाच दिसले नसते. ड्रायव्हरदादांनी आजीच्या पायाला हात लावला. काका मात्र बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत उभे राहिले.

झाड तोडल्यावर आम्ही मागे फिरून लांबच्या रस्त्याने गेलो. शेतकऱ्याने अर्धे रान दुसऱ्या टोळीला दिले होते. उचल फिटून हातात थोडेच पैसे उरले. पण त्यावरून घरात कोणी आजीला एक शब्द बोलले नाही.

शाळेत आल्यावर मी हे गुरुजींना सांगितले. त्यांनी वर्गात सांगितले, की २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. दोन फूट वाहते पाणी मोठी गाडीसुद्धा ओढून नेते. म्हणून मित्रांनो, फरशीवरून पाणी असेल तर थांबावे. कडेला धोंडा ठेवावा आणि वाट बघावी.

पुढच्या वर्षी आवणीला निघताना काकांनी आजीला ड्रायव्हरशेजारी पुढे बसवले. म्हणाले, "आई, तू सांगशील तिथं गाडी थांबंल."

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी