तो एक तास

गेल्या आषाढातली रात्र. खानापूरचा पाऊस धो धो कोसळत होता. साडेअकराच्या सुमारास आप्पा उठून बसले. हात छातीवर, अंगाला दरदरून घाम. "पित्त असेल," म्हणाले. आईने आमसुलाचे पाणी केले.

मी छत्री घेऊन धावलो. पहिल्या दवाखान्याला कुलूप. डॉक्टर राहायला बेळगावात. दुसरीकडे म्हाताऱ्या डॉक्टरांनी दार उघडले. ते तसेच भिजत आले, नाडी पाहिली, अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला दिली आणि म्हणाले, "हे माझ्या हातातले नव्हे. बेळगाव गाठा. एकेक मिनिट मोलाचे आहे."

१०८ ला फोन लावला. पलीकडून कन्नड! मी मराठी शाळेतला. बाजारात उचललेल्या माझ्या कन्नडची मित्र चेष्टा करीत. "एदे नोवु," छातीत दुखते, एवढे कसेबसे सुचले. मग घराची खूणही सांगता आली. गाडी आली.

तातडीच्या उपचारांची स्वतंत्र वैद्यकशाखा आपल्या देशात २००९ साली मान्य झाली. त्या शाखेचा डॉक्टर मी त्या रात्री प्रथम पाहिला, २५-२६ किलोमीटरांवर. त्याने लगेच कार्डिओग्राम काढला, इंजेक्शन दिले. आप्पा वाचले.

म्हाताऱ्या डॉक्टरांना फी द्यायला गेलो, तर हसून म्हणाले, "मी काय केले? पाठवले फक्त."

आम्ही वाणिज्यचे विद्यार्थी; येणे-देणे मांडणे हाच आमचा अभ्यास. पण वेळीच "माझ्या हातातले नव्हे" म्हणणाऱ्याचे देणे कोणत्या खात्यात लिहायचे, ते अजून कोणी शिकवलेले नाही.